पोकेमॉन शोडाउन: संघ घासूनपुसून घेणाऱ्यांसाठी

पोकेमॉनच्या स्पर्धात्मक लढतींसाठी सहा जणांचा संघ कोणालाही तासाभरात बांधता येतो. खरे कसब लागते ते बांधलेल्या संघातील कच्चा दुवा ओळखून तो दुरुस्त करण्यात, आणि त्या कामासाठी ब्राउझरमध्येच पोकेमॉनच्या लढती खेळू देणाऱ्या ‘पोकेमॉन शोडाउन’ या विनामूल्य संकेतस्थळाच्या तोडीचे दुसरे साधन माझ्या पाहण्यात आलेले नाही. ‘झरेल’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्वांगचोंग लुओ यांनी २०११ मध्ये ते सुरू केले. त्याचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला आहे, निन्टेन्डो किंवा पोकेमॉन कंपनी यांच्याशी त्याचा अधिकृत संबंध नाही, आणि २००४ पासून चालत आलेल्या ‘स्मोगन’ या खेळाडूंच्या समुदायाचे नियम व आकडेवारी यांचा त्याला भक्कम आधार आहे. मी रत्नागिरीत राहतो, माझा भाचा मालवणात राहतो, आणि त्याचा संघ आम्ही दोघांनी मिळून दुरुस्त करत नेला, त्या अनुभवाच्या आधारे हे परीक्षण लिहीत आहे. त्यामुळे येथे लढतींच्या मजेबद्दल थोडे आणि टीमबिल्डर (संघ बांधण्याचे पान), रिप्ले (लढतीची जतन केलेली नोंद) व डॅमेज कॅल्क्युलेटर (हल्ल्याची हानी मोजणारे साधन) यांबद्दल अधिक वाचायला मिळेल.

कोकणातील मुलांच्या दृष्टीने या संकेतस्थळाचे महत्त्व आधी सांगितले पाहिजे. निन्टेन्डो स्विच हे कन्सोल आणि त्यावरचा गेम विकत घेणे मिरकरवाड्यातील किंवा देवगडातील बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरचे आहे. ज्यांच्याकडे कन्सोल आहे त्यांनाही संघात बदल करायचा झाला तर पोकेमॉन पकडा, त्याला वाढवा, नेचर (एक गुण वाढवणारा व दुसरा घटवणारा स्वभाव) बदलण्यासाठी मिंट ही वस्तू मिळवा, ईव्ही (हल्ला, वेग अशा गुणांत वाटायचे वाढीव अंक) पाहिजे तसे भरा, अशी सगळी खटपट करावी लागते. शोडाउनवर हेच बदल काही क्षणांत होतात आणि त्यांना एक पैसाही लागत नाही. शिवाय लढतीची माहिती लहान लहान मजकुरी संदेशांच्या रूपाने ये-जा करत असल्यामुळे इंटरनेटचा वेग बेताचा असला तरी फारसे अडत नाही. पावसाळ्यात विजा कडकडू लागल्या की आमच्याकडे घरातील वडीलधारी माणसे सर्वांत आधी राउटरची पिन काढतात. अशा वेळी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडून, घड्याळ संपण्याआधी परत आल्यास तीच लढत पुढे खेळता येते. ॲनिमेशन बंद करण्याची सोयही सेटिंगमध्ये आहे, आणि जुना फोन वापरणाऱ्याने ती पहिल्याच दिवशी वापरावी.

टीमबिल्डर उघडल्यावर आधी फॉरमॅट, म्हणजे लढतीचा नियमसंच, निवडावा लागतो, आणि त्यानुसार पुढची यादी बदलते. पोकेमॉनचे नाव टाकले की आयटम, ॲबिलिटी (अंगभूत क्षमता), चार चाली, नेचर, ईव्ही आणि टेरा प्रकार (लढतीत एकदा बदलून घेता येणारा प्रकार) यांच्या चौकटी समोर येतात. चालींच्या यादीत उपयोगी चाली वर असतात आणि ‘सहसा निरुपयोगी’ अशा मथळ्याखाली उरलेल्या खाली ढकललेल्या असतात. नवशिक्याला ही विभागणी फार मोलाची आहे, कारण एखाद्या पोकेमॉनला शंभराच्या घरात चाली शिकता येतात आणि त्यांतील कामाच्या जेमतेम दहा-पंधरा असतात. मात्र जाणत्या खेळाडूने खालच्या विभागावरूनही नजर फिरवावी, असे माझे मत आहे. एखाद्या विशिष्ट शत्रूसाठी शोधलेला तोडगा पुष्कळदा तेथेच दडलेला असतो. संघ पूर्ण झाला की ‘व्हॅलिडेट’ हे बटण नियमांत न बसणारी प्रत्येक गोष्ट नाव घेऊन सांगते.

आता प्रत्यक्ष संघाकडे वळतो. भाच्याने मे महिन्याच्या सुट्टीत बांधलेल्या संघात ड्रॅगनाइट, गारचॉम्प, लँडोरसचे थेरियन रूप, कॉर्विनाइट, हीट्रन आणि किंगॅम्बिट असे सहा जण होते. प्रत्येक पोकेमॉन आणि हल्ला आइस, फायर, ग्रास अशा कोणत्या ना कोणत्या प्रकारचा असतो व त्यावरून हानी कमी-जास्त होते. कागदावर पाहताच डोळ्यांत भरणारा दोष म्हणजे आइस प्रकारच्या हल्ल्यांचा: ड्रॅगनाइट, गारचॉम्प आणि लँडोरस या तिघांनाही आइसचा मार चौपट बसतो. भाच्याला हा दोष ठाऊक होता आणि पराभवांचे सारे खापर तो त्याच्यावरच फोडत होता. रिप्ले उघडून पाहिल्यावर मात्र निराळेच चित्र दिसले. आइसच्या हल्ल्याने हरलेल्या लढती थोड्या होत्या. बहुतेक लढतींत संघ अडकला होता तो वॉश रूपातील (पाणी व वीज प्रकारच्या) रोटमपुढे, आणि तो अडकण्याची सुरुवात शेवटच्या फेरीच्या कितीतरी आधी झालेली होती.

शोडाउनची रिप्लेची सोय येथे कामी येते. लढत संपल्यावर एका बटणावर ती जतन होते, तिचा दुवा तयार होतो, आणि मग कोणत्याही फेरीवर उडी मारून, हवे तर प्रतिस्पर्ध्याच्या बाजूनेही, ती पाहता येते. मालवणहून भाचा दुवा पाठवत असे आणि मी रत्नागिरीत ती लढत फेरीफेरीने पाहत असे. फोनवर त्याची एकच तक्रार असायची, “मामा, ह्यो रोटम काय केल्या मरणा नाय!” कारण स्पष्ट होते. सहापैकी चार जण फिजिकल (शारीरिक ताकदीच्या) हल्ल्यांवर अवलंबून होते, आणि रोटमची ‘विल-ओ-विस्प’ ही चाल लागली की समोरचा भाजतो व त्याच्या फिजिकल हल्ल्याची हानी निम्म्यावर येते. गारचॉम्पचा आणि लँडोरसचा ‘अर्थक्वेक’ हा जमिनीचा हल्ला हवेत तरंगत ठेवणाऱ्या लेव्हिटेट ॲबिलिटीमुळे रोटमला लागतच नाही. किंगॅम्बिटची ‘सकर पंच’ ही चाल समोरचा हल्ला करणार असेल तरच चालते. समोरच्याने विल-ओ-विस्पसारखी हल्ला नसलेली चाल निवडली तर ती वाया जाते. हीट्रन फायर प्रकारचा असल्याने भाजत नाही हे खरे, परंतु रोटमचा पाण्याचा हल्ला त्याला दुप्पट लागतो, म्हणून तोही फार काळ समोर उभा राहू शकत नाही. एका सामान्य, सर्वांच्या परिचयाच्या पोकेमॉनने अर्ध्याहून अधिक संघ जखडून टाकला होता, आणि संघाच्या प्रकारांचा तक्ता कितीही वेळ पाहिला असता तरी ही गोष्ट तेथे दिसली नसती.

रोटमच्या या रूपाला एकच प्रकार जड जातो, तो म्हणजे ग्रास. चॅटच्या चौकटीत तिरकी रेघ देऊन ‘वीक’ हा शब्द आणि पोकेमॉनचे नाव टाइप केले की कोणता प्रकार किती पट लागतो ते लगेच समोर येते, आणि ‘डेक्ससर्च’ या आज्ञेने प्रकार, चाल, ॲबिलिटी, वेग अशा अटी घालून पोकेमॉन शोधता येतात. या दोन आज्ञा ज्याला अंगवळणी पडल्या त्याचे निम्मे काम हलके झाले असे समजावे. आम्ही लँडोरसच्या जागी रिलाबूम घेतला. तो रोटमचे पाण्याचे आणि विजेचे, दोन्ही हल्ले निम्म्यावर आणतो. मैदानात येताच त्याची ॲबिलिटी पाच फेऱ्यांसाठी ‘ग्रासी टेरेन’ (मैदानभर गवताचा थर) पसरवते. आणि त्या टेरेनवर त्याची ‘ग्रासी ग्लाइड’ ही चाल वेगाची पर्वा न करता आधी चालते. रोटमला विल-ओ-विस्प टाकण्याआधीच फटका बसू लागला.

परंतु संघातील एक वीट हलवली की शेजारची सैल होते, याचा प्रत्यय लगेच आला. ग्रासी टेरेनवर जमिनीवर उभ्या असलेल्या पोकेमॉनला अर्थक्वेकची हानी निम्मीच होते, आणि हा नियम आपल्याच गारचॉम्पलाही लागू होतो. म्हणजे रिलाबूमने रोटमचा प्रश्न सोडवला खरा, पण संघातील सर्वांत भरवशाचा हल्ला बोथट करून ठेवला. शिवाय लँडोरस गेल्यामुळे ‘स्टेल्थ रॉक’ (मैदानात येणाऱ्याला इजा करणारे खडक) टाकण्याची जबाबदारी कोणाकडे, हा प्रश्न उभा राहिला, आणि रिलाबूम स्वतः ग्रास प्रकारचा असल्याने आइसचा मार दुप्पट सोसणाऱ्यांत त्याची भर पडली. येथे घाई करणारा खेळाडू रिलाबूम काढून टाकतो आणि पुन्हा पहिल्या जागी येऊन उभा राहतो. आम्ही त्याऐवजी गारचॉम्पला विश्रांती दिली आणि ग्रेट टस्क आणला. त्याची ‘हेडलाँग रश’ ही चाल ग्राउंड प्रकारचीच असून टेरेनमुळे तिची धार कमी होत नाही. स्टेल्थ रॉक त्याला येतो, आणि ‘रॅपिड स्पिन’ने समोरच्याने टाकलेले खडकही तो दूर करतो. त्यामुळे कॉर्विनाइटकडची ‘डीफॉग’ (तीही खडक हटवणारीच चाल) काढून तेथे दुसरी चाल बसवता आली. आइसचा मार ग्रेट टस्कला चौपट लागत नाही, दुप्पट लागतो. एवढे सगळे साधल्यावर फक्त एक पथ्य पाळावे लागले: ग्रेट टस्कला ‘आइस स्पिनर’ द्यायची नाही, कारण ती चाल टेरेन पुसून टाकते.

हे सर्व बदल एकाच वेळी न करता एकेक करून, प्रत्येकानंतर काही लढती खेळून आणि त्यांचे रिप्ले पाहून केले, म्हणूनच कोणत्या बदलाने काय घडले ते कळले. शोडाउनवर बदलाला काहीच मोल पडत नसल्यामुळे रागाच्या भरात तीन पोकेमॉन एकदम बदलण्याचा मोह फार होतो, आणि तो आवरणारी कोणतीही व्यवस्था संकेतस्थळात नाही. टीमबिल्डरमध्ये संघाची प्रत काढता येते. तिचा उपयोग करून प्रत्येक टप्प्याची प्रत वेगळ्या नावाने ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन.

यानंतरचे काम सूक्ष्म आहे आणि मला स्वतःला ते सर्वांत प्रिय आहे. प्रत्येक पोकेमॉनला एकूण ५१० ईव्ही देता येतात, एका गुणात जास्तीत जास्त २५२, आणि १०० व्या पातळीवर दर ४ ईव्हींमागे एक गुण वाढतो. नवीन खेळाडू सहसा २५२ हल्ल्याला आणि २५२ वेगाला देऊन मोकळा होतो. ड्रॅगनाइटचे उदाहरण घेऊ. त्याचा मूळ वेग ८० आहे. नेचरचा लाभ नसताना आणि वेगाला एकही ईव्ही न देता १०० व्या पातळीवर त्याचा वेग १९६ भरतो. रोटमच्या वॉश रूपाचा मूळ वेग ८६, म्हणून वेगावर काहीही खर्च न केलेला रोटम २०८ वर असतो आणि ड्रॅगनाइटच्या आधी चाल करून त्याला भाजून काढतो. ड्रॅगनाइटच्या वेगाला ५२ ईव्ही दिले की त्याचा वेग नेमका २०९ होतो. त्या एका गुणामुळे भाजण्याआधी त्याला पूर्ण ताकदीचा एक वार करायला मिळतो. हल्ल्याला २५२ देऊनही २०६ ईव्ही उरतात. त्यांतील २०४ एचपीला (जीवनशक्तीला) दिल्यावर त्याचे एचपी ३२३ वरून ३७४ वर जातात. वेगाला सरसकट २५२ दिले असते तर यांतील ५० एचपी तरी हातचे गेले असते.

यात एक गोम आहे. प्रतिस्पर्ध्यानेही असाच हिशेब मांडून रोटमला वेगाचे ४ ईव्ही दिले तर दोघांचा वेग सारखा होतो आणि आधी कोण हे नशिबावर ठरते. ८ दिले तर तो पुन्हा पुढे जातो. ही चढाओढ कुठे थांबवायची हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. शोडाउन येथे मदत करते ती अशी की लढतीत समोरच्या पोकेमॉनच्या चित्रावर गेल्यास त्याचा वेग कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती असू शकतो ते दिसते, आणि कोण आधी हलला यावरून त्याने वेगावर किती खर्च केला असावा याचा अंदाज रिप्ले पाहताना बांधता येतो.

डॅमेज कॅल्क्युलेटर हा शोडाउनचाच भाग आहे आणि तो टीमबिल्डरच्या बरोबरीने उघडून ठेवावा. या खेळात हल्ल्याची हानी ठरलेली एक संख्या नसते; ती ८५ ते १०० टक्क्यांच्या दरम्यानच्या १६ शक्यतांपैकी एक असते. कॅल्क्युलेटर त्या सर्व शक्यता मांडून, अमुक हल्ला दोन वारांत नक्की पाडेल की काही टक्के वेळाच पाडेल, हे सांगतो. त्यात स्टेल्थ रॉकची नोंद करायला विसरू नये. ड्रॅगनाइटला रॉक प्रकारचा मार दुप्पट लागत असल्याने मैदानात येतानाच त्याचे पाव एचपी, म्हणजे ३७४ पैकी ९३, कमी होतात, आणि त्याहून वाईट म्हणजे पूर्ण एचपी असतानाच हानी निम्मी करणारी त्याची ‘मल्टिस्केल’ ही ॲबिलिटी निष्प्रभ होते. म्हणून आमच्या ड्रॅगनाइटकडे खडकांपासून वाचवणारे ‘हेवी-ड्यूटी बूट्स’ आहेत आणि हल्ला वाढवणाऱ्या आयटमचा विचार आम्ही सोडून दिला.

स्मोगन दर महिन्याला वापराची आकडेवारी प्रसिद्ध करते: कोणता पोकेमॉन किती टक्के संघांत होता, त्याच्याकडे कोणते आयटम व चाली होत्या, त्याच्या जोडीला कोण होते. ‘ओयू’ या मुख्य श्रेणीसाठीची ४.५२ टक्क्यांची मर्यादाही विचारपूर्वक ठरवलेली आहे. इतका वापर असलेला पोकेमॉन १५ लढतींत एकदा तरी समोर येण्याची शक्यता निम्मी असते. आपल्या संघाला कोणाकोणाची उत्तरे हवीत हे ठरवायला या आकड्यांसारखा आधार नाही. मात्र त्यांच्यावरून वरचे सहा उचलून संघ बनवणाऱ्यांविषयी मला काळजी वाटते. असा संघ १००० गुणांपासून सुरू होणाऱ्या लॅडरवर (खेळाडूंच्या क्रमवारीत) काही काळ वर जातो, पण हरू लागला की कोणता पोकेमॉन कशासाठी घेतला होता हेच खेळाडूला माहीत नसते, आणि मग दुरुस्ती कुठून सुरू करावी ते कळत नाही.

उणिवा सांगायच्या तर पहिली मोबाइलची. टीमबिल्डर मुळात मोठ्या पडद्यासाठी बनलेला आहे; फोनच्या ब्राउझरमध्ये तो उघडतो आणि चालतो, पण ईव्हींची पट्टी अंगठ्याने नेमक्या ५२ वर आणणे जिकिरीचे होते. तेथे आकडा टाइप करावा हे बरे. दुसरी उणीव संघ साठवण्याची. संघ मुळात त्या त्या ब्राउझरमध्ये साठवले जातात, त्यामुळे सायबर कॅफेत किंवा मित्राच्या लॅपटॉपवर बांधलेला संघ ब्राउझरचा डेटा पुसला की नाहीसा होतो. उपाय सोपा आहे: ‘एक्सपोर्ट’ केल्यावर अख्खा संघ साध्या मजकुरात मिळतो, तो स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवावा. याच मजकुरामुळे मालवण आणि रत्नागिरी यांच्यामध्ये आमच्या संघाची देवाणघेवाण विनासायास झाली. तिसरी गोष्ट भाषेची. येथे मराठी नाही, आणि चालींची वर्णने आखूड इंग्रजीत असतात. प्राथमिक शाळेतील मुलाला सोबत कोणीतरी मोठे माणूस लागते.

पालकांसाठी आणखी एक सूचना. सार्वजनिक चॅटमध्ये जगभरातील अनोळखी माणसे असतात आणि हरलेल्या भरात काही जण वाटेल ते बोलतात. नियंत्रक आहेत, परंतु लहान मुलांसाठी खाजगी संदेश आणि आव्हाने सेटिंगमधून बंद करून ठेवणे श्रेयस्कर आहे. फक्त आपल्या ओळखीच्या मित्राला नावाने आव्हान देऊन खेळता येते, आणि संघाची चाचणी घेण्यासाठी सुरुवातीला तेवढे पुरते.

पोकेमॉन कंपनीच्या अधिकृत ‘व्हीजीसी’ स्पर्धांचे स्वप्न पाहणाऱ्यांनी मात्र वर दिलेले आकडे तसेच उचलू नयेत. तेथे दोघे-दोघे मैदानात असतात, सहापैकी चारच लढतीत उतरवायचे असतात, आणि पातळी ५० ची असते. त्या पातळीवर साधारणपणे पहिल्या ४ ईव्हींनी एक गुण मिळतो आणि त्यानंतर दर ८ ईव्हींना एक, त्यामुळे ईव्हींची वाटणी पहिल्यापासून करावी लागते. शोडाउनवर त्या फॉरमॅटची वेगळी लॅडर आहे आणि कॅल्क्युलेटरमध्ये पातळी व दुहेरी लढतीचा पर्याय निवडता येतो. भाचा सध्या तोच हिशेब मांडत आहे, आणि दोघे शेजारी उभे असताना ग्रेट टस्कला जोडीदार म्हणून कोण हवा, हे अजून आमचे ठरलेले नाही.